गौराक्काचं कपाळ

माझी अणदूरच्या शाळेत बदली झाली ती नेमकी जत्रा संपल्यावर. पहिल्याच दिवशी एका विद्यार्थिनीच्या आईनं जेवायला बोलावलं आणि ताटात भाकरी आली ती पिवळी. मी आधी भाकरीकडं बघितलं, मग वाढणारीकडं. "खावा की बाई," ती हसून म्हणाली, "गौराक्काच्या गिरणीतली हाय. जत्रा झाली की काही दिस आख्खं गाव पिवळंच खातंय." गावातल्या खंडोबावर उधळायचा भंडारा, म्हणजे हळद, सगळी त्या एकाच गिरणीत दळली जाते आणि नंतर कितीही झाडलं-पुसलं तरी जात्याच्या दगडातली हळद लवकर सुटत नाही, हे मला त्या भाकरीनं शिकवलं. चव वाईट नव्हती. पुढं काही दिवसांतच त्या गिरणीच्या माडीवरची खोली मला भाड्यानं मिळाली आणि गौराक्का नावाचं प्रकरण रोज सकाळ-संध्याकाळ माझ्या पायाखाली गडगडू लागलं.

मी तिला तोंडावर अहो-जाहो करायची, मनात मात्र ती कायम 'ती'च राहिली. साठीची, उंच, रुंद हाडाची बाई. आवाज असा की मोटर चालू असतानाही तिचं बोलणं पार कोपऱ्यापर्यंत ऐकू जाई, आणि मोटर बंद झाली तरी आवाज कमी करायचं तिच्या लक्षात येत नसे. सकाळी अंघोळ झाली की कपाळावर तीन बोटांनी विभूतीचे पट्टे ओढायची. शाळा भरेपर्यंत त्या विभूतीवर ज्वारीचं पीठ बसलेलं असायचं, दुपारनंतर गव्हाचं. तिचं कपाळ मोकळं म्हणून मी कधी पाहिलं नव्हतं. ज्वारी आधी, गहू नंतर, डाळ शेवटी, हा तिचा कायदा, आणि त्यात सरपंचाच्या डब्यालाही सूट नव्हती. भांडण ती मराठीत सुरू करायची आणि कानडीत जिंकायची. "साक!" म्हणजे 'पुरे!' असं ती एकदा म्हणाली की समोरचा डबा उचलून रांगेत मागं जाऊन उभा राहायचा.

जगातल्या सगळ्या गोष्टी ती हॉर्सपॉवरमध्ये मोजायची. आमच्या मुख्याध्यापकांना तिनं तीनचं माप दिलं होतं. "भार आला की बंद पडतंय." धाकटा जावई दहाचा, "पर पट्टा ढिला हाय." माझ्याबद्दल विचारलं तर मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "बाई, तुमी अर्ध्याच्या. पर आवाज करत न्हाय, म्हणून चालून जातंय."

नवरा रेवणप्पा मात्र कुठल्याच मापात बसत नव्हते. दिवसभर पोत्यांवर बसून डबे वजनाला लावायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. त्यांच्याबद्दल ती एवढंच म्हणायची, "आमचे मालक म्हणजे मोटरखालचं जोतं हायेत. दिसत न्हाय, पर हाललं तर सगळं हालंल."

एवढ्या दणकट बाईला एक दुखणं होतं. अर्धशिशी. दुसऱ्या बाळंतपणानंतर सुरू झाली ती सुटलीच नव्हती. तिला ती 'पाव्हणा' म्हणायची. पाव्हणा यायच्या आधी डाव्या डोळ्याच्या कडेला करवतीच्या दात्यांसारखी चकाकी नाचू लागायची. ती दिसली की आक्का हातातलं काम तसंच सोडून मोटरचं बटण दाबायची. दळण निम्मं झालेलं असो की नुकतंच टाकलेलं असो. मग त्या गल्लीत जे घडायचं ते मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिलेलं नाही. रांगेतल्या बाया एक शब्द न बोलता आपापले डबे उचलून चालू लागायच्या. पलीकडचा हॉटेलवाला रेडिओ बंद करायचा. मोटारसायकलवाले गल्लीच्या तोंडाशी उतरून गाडी ढकलत न्यायचे. ज्यांचं निम्मं पीठ आणि निम्मे दाणे डब्यात आले असतील ते तसंच घरी नेत, आणि अशा दळणालाच गावात 'अर्धशिशी' म्हणायचे. "आज घरात अर्धशिशी आलीय, भाकरी कमीच हायेत," हे वाक्य मी डबा खाताना मुलांच्या तोंडून ऐकलं आहे.

आणि आक्का मागच्या अंधाऱ्या खोलीत, खिडकीच्या गजांत पोती कोंबून, डोक्याला फडकं करकचून आवळून पडून राहायची. उलट्या व्हायच्या. माडीवर मी पाऊल टाकलं तरी तिला ते डोक्यात लागायचं. एकदा मी पाण्याचा तांब्या घेऊन आत गेले, तर त्या गडगडत्या बाईच्या तोंडून मुंगीएवढा आवाज निघाला, "बाई, सुम्म कूडा." गप बसा, एवढंच. मला रडू आलं होतं.

गावानं तिच्यावर औषधोपचार कमी केले नव्हते. सुंठेचा लेप झाला, नाकात तूप झालं, तुळजापुराहून आणलेला अंगारा झाला, गोळ्या तर पोत्यानं झाल्या. प्रत्येक उपाय ती मनापासून करायची आणि त्यावर निकाल द्यायची. सगळ्यात चांगला शेरा मिळाला होता सूर्य उगवायच्या आधी दुधात जिलबी खायच्या उपायाला. हॉटेलवाल्यानं बिचाऱ्यानं महिनाभर तिच्यासाठी पहाटे कढई चढवली. दुखणं तसूभर हललं नाही. "मग किती दिवस खाल्लीत?" मी विचारलं. "म्या तर अजून खाते की," आक्का म्हणाली. "दुखणं न्हाय गेलं म्हणून जिलबीवर राग का काढावा?"

पण एका गोष्टीवर ती विनोद करत नसे. जत्रेवर. आमच्या खंडोबाचं एक नवल आहे, देव एकच आणि राहायची गावं दोन. वर्षातले काही दिवस तो शेजारच्या नळदुर्गात मुक्काम करतो, बाकीचे अणदुरात. त्यामुळं देव घरी असताना अणदूरकर जत्रा करतात ती सासरी निघालेल्या लेकीचं करावं तशी. हलग्या, येळकोट, आणि आभाळ झाकेल एवढा भंडारा. गौराक्का याच गावची लेक आणि याच गावची सून. लहानपणी ती गिरणीच्या छतावरून भंडारा उधळायची. म्हातारे अजून सांगतात, गौरी उधळायला लागली की पालखीच्या भोयांना डोळे मिटून चालावं लागे. आणि आता? जत्रेआधी आठवडाभर गावाची सगळी हळकुंडं तीच कांडायची, तीच दळायची. डोक्यापासून पायापर्यंत पिवळी होऊन जायची. मग ऐन जत्रेच्या दिवशी ऊन, गर्दी, कापूर आणि हलग्या यांनी पाव्हणा हटकून यायचा, आणि जिनं गावाचा भंडारा दळला ती अंधाऱ्या खोलीत. पालखी गेल्यावर रेवणप्पा चिमटीत भंडारा घेऊन आत जायचे आणि न बोलता तिच्या कपाळाला लावायचे. तिची जत्रा तेवढीच. मी पहिल्यांदा ते दारातून पाहिलं तेव्हा मला गावाचा, देवाचा आणि हलगीवाल्यांचा, सगळ्यांचाच राग आला होता.

सोलापूरला डोक्याच्या दुखण्याच्या एक डॉक्टरीणबाई आहेत असं कळलं, तेव्हा मीच मागं लागून आक्काला घेऊन गेले. बाई तरुण होत्या, पण त्यांनी घाई केली नाही. सगळं विचारलं, डोक्याचा फोटो बघितला, हृदयाला कुठलं यंत्र बसवलेलं नाही ना याची खात्री केली. मग टेबलावर एक तळहाताएवढं, मधोमध हिरवा दिवा असलेलं पांढरं यंत्र ठेवलं आणि समजावून सांगितलं. कपाळावर एक चिकट पट्टी लावायची, तिच्यावर हे यंत्र बसवायचं. त्यातून अगदी हलकी वीज कपाळाच्या कातडीखालच्या नसांना मिळते. त्या नसांची वाट मेंदूपर्यंत जाते. मेंदूला दुखण्याची सवय लागलेली असते, ती बाहेरूनच, न कापता न टोचता, हळूहळू मोडायची. रोज थोडा वेळ लावायचं, आणि दुखणं येतंय असं वाटलं की लगेच जास्त वेळ. "सगळ्यांनाच गुण येतो असं नाही," त्या म्हणाल्या. "आला तरी दुखणं पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. कमी होईल. तुम्हाला विजेची भीती नाही ना वाटत?"

गौराक्कानं त्यांच्याकडं असं बघितलं की मी खाली मान घातली. "तीन फेजवर संसार केलाय म्या," ती म्हणाली. "किती हॉर्सपॉवरची हाय ही?"

डॉक्टरीणबाई गोंधळल्या. "हॉर्सपॉवर... नाही, ही सेलवर चालते."

"सेलवर?" आक्काचा चेहरा पडला. "बॅटरीएवढ्या करंटानं माझा पाव्हणा हालणार व्हय?" पण तेवढ्यात, तिला काही कळायच्या आत, डॉक्टरीणबाईंनी तिचं कपाळ पुसून पट्टी लावली आणि यंत्र चालू केलं. आक्काचे डोळे मोठे झाले. भुवया वर गेल्या. "आत्ता गं! मुंग्यांची वरात निघाली की कपाळातनं!" आणि पुढचा सगळा वेळ ती नव्या नवरीसारखी गप्प बसून राहिली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "लहान हाय, पर लायनीत हाय."

डॉक्टरीणबाईंनी यंत्र वापरून बघायला दिलं. गावात आल्यावर पहिला महिना मात्र काहीच घडलं नाही. पट्टी लावली की निसटायची, यंत्र पीं करून बंद पडायचं. आक्का खवळली. "खोटी हाय मशीन!" मी सोलापूरला फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कपाळ स्वच्छ असतं ना? "म्हणजे काय?" आक्का फोनमध्ये गरजली, "रोज इभूत लावते की म्या! त्याच्यापेक्षा स्वच्छ काय असतंय?" पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज आला. विभूती, तिच्यावर पीठ, आणि त्या दोन्हींवर पट्टी चिकटवायला बघत होती ही बाई.

आता पेच खरा होता. लिंगायतांची दीक्षा झाल्यापासून तिनं एक दिवस विभूतीवाचून काढलेला नव्हता. दोन दिवस यंत्र फळीवर पडून राहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी येणारे म्हातारे जंगमस्वामी आले. त्यांच्यापुढं तिनं यंत्र ठेवलं आणि विचारलं. स्वामींनी ते उलटसुलट करून पाहिलं. "आधी मशीन, मग अंगोळ, मग विभूती," ते म्हणाले. "शिव कुठं पळून चाललाय व्हय गौरा? लाव तू." त्यांनी चहा मागितला आणि विषय संपला.

मग रोज सकाळी गिरणी उघडली की ओट्यावर भिंतीला टेकून, डोळे मिटून, कपाळावर पांढरं यंत्र लावलेली गौराक्का दिसू लागली. दोन डबे ज्वारी दळून होईल एवढा तिचा तो वेळ. मुंग्यांची वरात चालू असताना तिला बोलायला आवडायचं नाही, कुणी काही विचारलं तर ती नुसता तळहात वर करायची. यातून जे व्हायचं ते झालं. वाडीवरचे एक आजोबा डबा घेऊन आले. त्यांची शेळी हरवली होती. आक्का डोळे मिटून बसलेली, कपाळावर काहीतरी हिरवं लुकलुकतंय. आजोबांनी चपला काढल्या, हात जोडले आणि विचारलं, "माय, माजी शेळी कुठं गेली असंल?" आक्कानं तळहात वर केला. आजोबा डबा तिथंच ठेवून घरी गेले आणि अंगणात गप बसून राहिले. दिवस मावळायच्या आत शेळी आपल्या पायानं घरी आली.

दुसऱ्या दिवशी ओट्यापुढं चार माणसं हात जोडून बसलेली. एकीच्या मुलीचं लग्न जमत नव्हतं, एकाच्या बोअरला पाणी लागत नव्हतं. आक्कानं यंत्राचा वेळ पुरा होऊ दिला, ते काढून पदरानं कपाळ टिपलं आणि मग गल्ली हादरली. "अंगात आलेलं न्हाय माझ्या! डोस्क्याचं औषध हाय ते! उठा! ज्वारी आणलाव का? न्हाय? मग कशाला आलाव?" माणसं उठली, पण जाताना पाया पडूनच गेली. आजोबांना तर शेवटपर्यंत पटलं नाही. दर महिन्याला ते तिच्यासाठी शेळीच्या दुधाचा तांब्या घेऊन यायचे. ती शिव्या द्यायची आणि दूध ठेवून घ्यायची.

गुण येतोय हे आम्हाला डब्यांवरून कळलं. मुलं भाकरी पूर्ण आणू लागली. आठवड्याला येणारा पाव्हणा पंधरा दिवसांनी येऊ लागला, कधी महिन्यानं, आणि आला तरी ती वेळेवर यंत्र लावून संध्याकाळी पुन्हा गिरणीत दिसायची. "गेला न्हाय," ती म्हणायची, "पर आता चहा पिऊन जातोय. पैलं मुक्काम ठोकायचा."

जत्रा जवळ आली तशी हळकुंडांची पोती येऊन पडली. आणि एका दुपारी, अंगभर हळद झालेली गौराक्का मोटर बंद करून मोठ्यानं म्हणाली, "ह्या साली भंडारा म्या छतावरनं उधळणार."

रेवणप्पांनी वजन खाली ठेवलं. मी सोलापूरला फोन केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जाऊ द्या त्यांना, यंत्र जवळ ठेवा, चकाकी दिसली की लगेच लावा, फक्त कपाळ स्वच्छ हवं. खंडोबाच्या जत्रेत स्वच्छ कपाळ! मी डोक्याला हात लावला. पण आक्काकडं उत्तर तयार होतं. "हळद दळताना बेरिंगमधी जाऊ न्हाय म्हणून आपण फडकं बांधतो की न्हाय? तसंच." तिनं औषधाच्या दुकानातून चिकटपट्टी आणवली होती. कपाळाच्या मध्यावर ती लावून ठेवायची, वेळ आली तर सोलून काढायची, खाली कपाळ कोरं.

संध्याकाळी हलगीवाले दोघं टोप्या हातात घेऊन आले. "आक्का, औंदा गल्लीतनं जाताना हळू वाजवतो आमी."

"हळू?" ती उसळली. "हळू वाजवायची तर घरला बसून ताट वाजवा! हलगी आणताव कशाला?"

जत्रेच्या दिवशी दुपार कलायच्या सुमाराला आम्ही छतावर होतो. ती, रेवणप्पा, मी, पाण्याची टाकी आणि भंडाऱ्यानं शिगोशीग भरलेली टोपली. आक्कानं हिरवं लुगडं नेसलेलं, कपाळावर चिकटपट्टी. गल्ली माणसांनी भरली होती. पालखी वळणावर दिसली, हलग्या कडाडल्या आणि आक्कानं पहिली मूठ उधळली. काय हात होता त्या बाईचा! खालून ओरडा झाला, "गौराक्का! गौराक्का आली!" दुसरी मूठ, तिसरी. वाऱ्यानं निम्मी हळद तिच्याच तोंडावर येत होती आणि ती लहान पोरीसारखी हसत होती.

मग तिचा हात वरच्या वर थांबला.

"मालक," ती म्हणाली, "पाव्हणा."

ती टाकीच्या सावलीत जाऊन भिंतीला टेकून बसली. रेवणप्पांनी चिकटपट्टी सोलून काढली. हळदीनं माखलेल्या त्या चेहऱ्यावर मधोमध एक कोरा, सावळा चौकोन उघडा पडला. यंत्रही रेवणप्पांनीच बसवलं, आणि खांद्यावरची घोंगडी तिच्या डोक्यावर धरून ते उन्हात उभे राहिले. माझ्या मनात एकच विचार होता. आता हिला खाली न्यावं लागणार, त्या पोती कोंबलेल्या खोलीत.

आणि तेवढ्यात हलगी थांबली. आधी एक, मग दुसरी. छतावरची आक्का दिसेनाशी झाल्याचं खालच्यांनी पाहिलं होतं, आणि इतक्या वर्षांची गल्लीची सवय, ती जत्रेतही मोडली नाही. येळकोट बंद झाला. भोई जागच्या जागी उभे राहिले. माणसांनी पोरांच्या तोंडावर हात ठेवले. भर जत्रेत, गिरणीपुढं, देवाची पालखी चिडीचूप उभी. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही.

घोंगडीखालून आवाज आला. "बाई, खाली आवाज का न्हाय?"

"तुमच्यासाठी थांबलेत, आक्का."

तिनं डोळे उघडले. ते भरून आले आणि गालावरच्या हळदीतून दोन ओघळ निघाले. "देव उभा केला? माझ्यासाठी?" ती टाकीला धरून उठली. मी नको नको म्हणत होते, तर मला बाजूला सारून ती कठड्यापाशी गेली. पिवळा चेहरा, कपाळावर यंत्र. खालची सगळी तोंडं वर वळली.

"वाजवा रं!" ती गरजली. "देवाला उनात उभा करताव व्हय? वाजवा!"

"आक्का, डोस्कं?" हलगीवाला खालून भीत भीत म्हणाला.

"डोस्कं हाय म्हणून तर दुखतंय! निम्मं गेलंय, निम्म्याचं म्या बघून घेती! वाजवा म्हणते न्हवं!"

हलग्यांवर टिपऱ्या अशा पडल्या की टाकीतलं पाणी हललं असेल. येळकोट उठला. पालखी चालू लागली, आणि आक्का दोन्ही हातांनी उधळू लागली, दात-ओठ खाऊन, हसत, मध्येच डावा डोळा मिटून घेत. पालखी नेमकी गिरणीखाली आली तेव्हा भोयांनी डोळे मिटले. म्हातारे सांगत होते ते खरं होतं.

पुढं माझी पुन्हा बदली झाली, आता मी माकणीला असते. तिथं भाकरी पांढरी असते. आक्काचा फोन येतो, पाव्हणा अधूनमधून येऊन जातो म्हणते. पण तिचं नाव निघालं की मला दिसतो तो पालखी पुढं गेल्यानंतरचा क्षण. रेवणप्पा सवयीनं चिमटीत भंडारा घेऊन तिच्यापुढं आले, हात उचलला, आणि अडले. यंत्रामुळं कपाळावर जागाच नव्हती. ते तसेच हात वर धरून उभे. आक्कानं त्यांच्या चिमटीकडं बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडं.

"इतकी वरसं चिमटीनं आणलाव," ती म्हणाली. आवाज खाली आला होता, मोटरच्याही खाली. "आता घ्या."

आणि उरलेली सगळी टोपली तिनं त्यांच्या डोक्यावर पालथी केली. कधी न बोलणारे रेवणप्पा खोकत, शिंकत मोठमोठ्यानं हसू लागले. हळदीच्या त्या ढगात नवरा कोण आणि बायको कोण हे ओळखायला मला एकच खूण उरली होती, तिच्या कपाळावर लुकलुकणारा तो हिरवा दिवा.